शेवटच्या सात ओळी

बातमी शेवटून कापायची, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं गेलं. महत्त्वाचं वर घ्यायचं, कमी महत्त्वाचं खाली ठेवायचं; म्हणजे पानात जागा कमी पडली तर विचार करत बसावं लागत नाही. खालून हव्या तेवढ्या ओळी उडवायच्या आणि पान सोडायचं. पुढची पंचवीसेक वर्षं मी हे रोज केलं. त्यातलं एकच नेमकं आठवतं. तेच इथे लिहिते आहे.

आमच्या वर्तमानपत्रात मुद्रितशोधनाचं स्वतंत्र खातं होतं, तेव्हापासून काका तिथे होते. त्यांचे वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. ते स्वतः शिकले, मुद्रितशोधक झाले आणि तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर आले. एका पिढीत एक जिना, असं ते म्हणत. नव्वदच्या दशकात खिळे गेले, संगणक आले, खातं आटत गेलं. शेवटी जिन्यालगतच्या केबिनमध्ये ते एकटेच उरले. सगळे त्यांना काका म्हणत. मला ते 'उपसंपादक' म्हणत. पहिल्याच दिवशी मी एका चुकीच्या प्रुफावर सही केली होती. ते कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "आपण उपसंपादक का? वाटलं नाही." पुढे मी मुख्य उपसंपादक झाले, उपनगर पुरवणी माझ्याकडे आली, तरी त्यांच्या लेखी माझी बढती झाली नाही.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. डावीकडे मूळ प्रत, उजवीकडे प्रूफ, ओळीखाली पितळी पट्टी. एक ओळ इथली, एक तिथली. जुळलं की समासात बारीकशी बरोबरची खूण. मजकूर खरा की खोटा, याच्याशी त्यांचा संबंध नसे. एका पुढाऱ्याने भाषणात अशक्य कोटीतला काही दावा केला होता, तेव्हा मी त्यांना विचारलं, काका, हे असंच जाऊ द्यायचं? ते म्हणाले, "खरं आहे का, ते तुम्ही बघायचं. मूळ प्रतीत तसंच आहे, एवढं मी बघितलं."

निवृत्तीनंतरही त्यांनी आमचा अंक सोडला नाही. सकाळची बुद्धवंदना झाली की लाल पेन घेऊन बसत आणि अंक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तपासत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तपासलेल्या अंकांचा गठ्ठा कापडी पिशवीत घालून पीएमटीच्या बसने ऑफिसात आणून देत. पिशवी परत नेत. डेस्कवर त्याला 'मासिक पाळत' म्हणत. वाचत फारसं कुणी नसे. मी वाचत असे, कारण उपनगर पुरवणीत लाल शाई सगळ्यांत जास्त असे.

पत्नी गेल्यावर येरवड्यातली दोन खोल्यांची जागा कुलूप लावून ते मुलाकडे वाघोलीला राहायला गेले. मुलगा आणि सून दोघंही खराडीत, वेगवेगळ्या कंपन्यांत. सून चंद्रपूरकडची. ती ऑफिसातून फोन करून विचारे, "बाबा, तुम्ही जेवले का?" पहिले काही दिवस ते "जेवलात का" असं दुरुस्त करून मग उत्तर देत. नंतर त्यांनी दुरुस्त करणं सोडलं. जगात एवढ्या एकाच व्यक्तीचं मराठी त्यांनी तसंच राहू दिलं, आणि हे त्यांनी मला दोन वेळा सांगितलं होतं. दोन वेळा एखादी गोष्ट सांगणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

संगणक त्यांना सुनेने शिकवला. तिचा जुना लॅपटॉप तिने त्यांना दिला, ई-मेल उघडून दिला, शब्दकोड्यांच्या एका संकेतस्थळावर नाव नोंदवून दिलं. पासवर्ड त्यांनी स्वतः ठरवला: पत्नीचं माहेरचं नाव आणि ऑफिसातल्या त्यांच्या लॉकरचा क्रमांक. दोन्हीकडे एकच. तो त्यांनी वहीत लिहून ठेवला आणि कुणाला सांगितला नाही. घरातलं इंटरनेटचं यंत्र मुलाच्या खोलीत होतं आणि सिग्नल तिथेच नीट मिळे, म्हणून लॅपटॉप त्या खोलीतल्या टेबलावर असे. दुपारी घर रिकामं असताना ते तिथे बसत. काम झाल्यावर झाकण मिटत नसत, कारण सुनेने एकदा सांगितलं होतं की त्याचं अपडेट चालू असतं, मिटू नका. टेबल पलंगासमोर होतं.

ते वाघोलीला असतानाच एका आठवड्यात आमच्या डेस्कवर तीन-चार जणांना एकाच मजकुराचा इंग्रजी मेल आला. मलाही आला. त्यात माझा जुना पासवर्ड लिहिलेला होता आणि पुढे धमकी होती: तुमच्या संगणकात मी शिरलो आहे, कॅमेऱ्यातून कित्येक महिने तुमचं चित्रण केलं आहे, या यंत्रासमोर काय काय चालतं ते सगळं माझ्याकडे आहे. दोन दिवसांत डिजिटल चलनात रक्कम भरा, नाहीतर चित्रफीत तुमच्या ओळखीच्या सगळ्यांना जाईल. मेल पाठवणाऱ्याच्या जागी माझाच पत्ता दिसत होता. तुमचं खातं माझ्या ताब्यात असल्याचा हा पुरावा, असंही खाली लिहिलं होतं. क्रीडा पानाच्या सहकाऱ्याने आपला मेल मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाला, "माझं चित्रण करून काय मिळणार याला? घरी बायको सुद्धा बघत नाही माझ्याकडे." सगळे हसले. मी मेल पुसून टाकला.

गुन्हेवार्ता पाहणाऱ्या सहकाऱ्याने सायबर पोलिसांशी बोलून त्यावर वीस ओळींची बातमी दिली. ती मी उपनगर पुरवणीत तिसऱ्या पानावर लावली. पुरवणी दुपारी चारला सुटायची. पावणेचारला जाहिरात विभागातून फोन आला: वाघोलीतल्या एका गृहप्रकल्पाची जाहिरात मोठी झाली आहे, त्या पानावर जागा करा. मी बातमीच्या शेवटच्या सात ओळी कापल्या. पान वेळेत गेलं.

त्या सात ओळींत काय होतं ते मला आज पाठ आहे. हे चित्रण बहुतांशी अस्तित्वातच नसतं. पासवर्ड पूर्वी एखाद्या संकेतस्थळावरून चोरीला गेलेल्या याद्यांमधला असतो, आणि एकच मजकूर हजारोंना पाठवलेला असतो. पाठवणाऱ्याच्या जागी आपलाच पत्ता दाखवणं ही साधी हातचलाखी आहे. उत्तर देऊ नये, पैसे भरू नयेत. पासवर्ड बदलावा, मेलची प्रत जपून ठेवून पोलिसांकडे तक्रार करावी. घाबरून न जाता घरातल्या कुणाला तरी सांगावं.

जे उरलं आणि छापलं गेलं, त्यात धमकीचा मजकूर होता, शहरात अनेकांना असे मेल आल्याचं होतं आणि पोलिस तपास करत असल्याचं होतं. मथळा एका स्तंभाचा होता: 'संगणकाच्या कॅमेऱ्यातून चित्रण, ई-मेलवर खंडणी'. 'दावा' हा शब्द त्यात मावला नव्हता.

बातमी छापून आली त्याच्या आदल्या दिवशी काकांनाही तो मेल आला होता. हे मला आठ महिन्यांनी कळलं. त्यांनी काय केलं, ते त्यांनी सांगितलं त्याच क्रमाने लिहिते.

त्यांनी आधी वही काढली आणि मेलमधला पासवर्ड वहीतल्याशी ताडून पाहिला. अक्षर न् अक्षर जुळलं. पत्नीचं माहेरचं नाव तिच्यामागे त्यांनी कुणासमोर उच्चारलं नव्हतं. ते एका परक्या माणसाच्या पत्रात पहिल्या ओळीत होतं. मग त्यांनी विचार केला, की या यंत्रासमोर मी शब्दकोडी सोडवली, दुसरं काही केलं नाही. म्हणजे चित्रण माझं नाही. मग यंत्रासमोर काय चालतं? ते उठून पलंगाकडे बघत राहिले. त्यांनी सांगितलं की त्या क्षणानंतर पैशाचा विचार त्यांच्या मनात आला नाही. आपल्या एका वहीतल्या शब्दामुळे कुणीतरी सुनेच्या खोलीत शिरलं आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं. आणि ते तिला कोणत्या शब्दांत सांगायचं, हे त्यांना सुचलं नाही. मुलाला सांगावं तर तेच शब्द लागणार होते.

त्यांनी मेलला उत्तर लिहिलं. इंग्रजीत, अर्जाच्या भाषेत: मी वृद्ध आहे, मला जी शिक्षा करायची ती करा, घरातल्या मुलांना यात ओढू नका, मुदत द्या. मेल त्यांच्याच पत्त्यावरून आल्यासारखा दिसत होता, त्यामुळे उत्तर त्यांनाच येऊन पडलं. मिनिटभराने त्यांचीच विनंती त्यांच्यासमोर नवीन मेल म्हणून आली. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला, की अर्ज फेटाळून परत पाठवला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल पेन घेऊन बसले आणि तिसऱ्या पानावर माझी बातमी वाचली. तेरा ओळी. मेलशी ताडून पाहिली. जुळली. जे वर्तमानपत्र त्यांनी आयुष्यभर तपासलं होतं, त्यानेच ते खरं आहे असं छापलं होतं. पोलिसांत जायचं त्यांच्या मनात होतं, पण पोलिस चित्रफीत बघणार, या विचाराने ते गेले नाहीत. दोन दिवसांची मुदत उलटली; चित्रफीत कुणाला गेली का, हे विचारायलाही तेच शब्द लागणार होते.

त्यांनी लॅपटॉप हातातून पडून फुटल्याचं आणि भंगारात दिल्याचं घरी सांगितलं. सून म्हणाली, जाऊ द्या बाबा, जुनाच होता. त्यानंतर पंधरा दिवसांत ते येरवड्याच्या जागेत परत राहायला गेले. कारण विचारलं तर वाघोली लांब पडते, म्हणाले. कशापासून लांब, ते सांगितलं नाही.

इकडे त्या महिन्याचा गठ्ठा आला नाही. पुढच्याही महिन्यात आला नाही. माझ्या ते लक्षात आलं होतं. वय झालं, असं मी धरून चालले. फोन केला नाही.

फोन सुनेचा आला. आम्ही तोवर एकदाच भेटलो होतो. ऑफिसातल्या लोकांपैकी बाबा फक्त तुमचं नाव काढायचे, म्हणून तुम्हाला विचारते, असं तिने आधी स्पष्ट केलं. ते घर सोडून गेल्यापासून तिच्या फोनलाही हो-नाही एवढंच बोलत होते. समोर गेली तर नजर उचलत नव्हते. मुलाने तिलाच दोनदा विचारलं होतं, तू त्यांना काही बोललीस का. मुलाच्या आत्याने तर विचारण्याचीही तसदी घेतली नव्हती; कमावती सून, बाहेरगावची, एवढ्यावर तिचा निकाल लागला होता. बोलता बोलता तिचं शहरी मराठी सुटलं. "मी एक शब्द नाही म्हटला हो ताई त्यांना. बाबा काहून गेले, एवढं तरी विचारून द्या मला."

मी विचारलं. त्यांनी फोन घेतला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उपसंपादक, पुरवणी सोडली का आज?" मी म्हटलं, अजून नाही. "मग ती सोडा," म्हणाले आणि फोन ठेवला. या आवाजाची मला सवय होती. त्यांना बरं वाटत असणार, असं मी सुनेला कळवलं. ते खोटं नव्हतं. मी तपासलेलंही नव्हतं.

मुलाला कंपनीकडून परदेशातल्या कामाचं पूर्वीही विचारलं गेलं होतं. वडिलांना एकटं कसं सोडायचं, म्हणून त्या दोघांनी ते नाकारलं होतं. आता वडील एकटेच राहत होते आणि तेच त्यांना हवं होतं, असं दिसत होतं. दोघं तीन वर्षांच्या करारावर गेली. वाघोलीचा फ्लॅट भाड्याने दिला. विमानतळावर जाण्याआधी ती दोघं येरवड्याला पाया पडायला गेली, तेव्हा त्यांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हे तिने मला विमानतळावरून मेसेजमध्ये लिहिलं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी ऑफिसातली मुद्रितशोधनाची केबिन पाडून तिथे वेब आवृत्तीची टेबलं टाकायचं ठरलं. ड्रॉवरमध्ये त्यांची पितळी पट्टी सापडली. ती द्यायला मी एका रविवारी सकाळी येरवड्याला गेले. ते बारीक झाले होते. खोली झाडलेली होती. अंक घडी घालून कोपऱ्यात रचलेले होते, पण वरच्या अंकावर लाल खूण नव्हती. पलंगाशेजारी खुर्चीवर चादरीत बांधलेली एक चौकोनी वस्तू होती. गाठ सैल होती आणि झाकणाचा कोपरा दिसत होता.

मी विचारलं, "काका, हा लॅपटॉप भंगारात गेला होता ना? सून सांगत होती."

ते चहा गाळत होते. गाळणी खाली ठेवून म्हणाले, "भंगारवाल्याला कसा देणार? त्यात सगळं आहे."

मग त्यांनी पलंगाखालच्या ट्रंकेतून तीन कागद काढून माझ्यासमोर ओळीने ठेवले. मेलची हाताने उतरवलेली प्रत, वहीचं पान आणि माझ्या पानाचं कात्रण. तिन्हींच्या समासात बारीक बरोबरची खूण होती. जे घडलं ते त्यांनी तेव्हा सांगितलं, माझ्याकडे न बघता, बातमी सांगावी तसं.

मला ते कागद वाचावे लागले नाहीत. मी त्यांना सांगितलं की हाच मेल मला आला होता, त्याच आठवड्यात. क्रीडा पानाला आला होता, जाहिरात विभागात आला होता. त्यात आमचे पासवर्ड होते, ते कुठल्या तरी जुन्या संकेतस्थळावरून चोरलेले. तुमचा त्या शब्दकोड्यांच्या ठिकाणचा असेल. पलीकडे कुणी बसलेलं नव्हतं. तुमचं पत्र परत पाठवलं नव्हतं कुणी, ते तुमच्याच पत्त्यावर गेलं. चित्रफीत नाही. कधीच नव्हती.

त्यांनी मेलचा कागद उचलून पुन्हा वाचला. पट्टी ओळीखाली धरून, शेवटपर्यंत. मग म्हणाले, "हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"मग छापलं का नाही?"

"लावलं होतं. शेवटी सात ओळी होत्या. जाहिरात आली."

"कुठून कापलं?"

"शेवटून."

मी रागाची वाट बघत होते. ते एवढंच म्हणाले, "हं. नियमच आहे." आणि चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

मी सुनेला लगेच फोन करते म्हटलं. त्यांनी करू दिला नाही. लॅपटॉप, मेल काहीच नको, पत्र लिहितो म्हणाले. ते त्यांनी चार दिवस लिहिलं. मी दाखवा म्हटलं नाही आणि त्यांनी दाखवलं नाही. स्वतः पोस्टात जाऊन तिकिटं लावून आले. पत्र पोहोचायला तीन आठवडे लागले. मग एका सोमवारी ऑफिसात त्यांचा फोन आला.

"सून बोलली. अर्धा तास."

मी विचारलं, काय म्हणाली.

"पत्र मिळालं म्हणाली. मग विचारलं, जेवले का."

"मग?"

"मग काय. जेवलो होतो."

पुढच्या महिन्यात गठ्ठा आला. उपनगर पुरवणीत नेहमीएवढी लाल शाई होती. मुला-सुनेचा करार मोडता येत नव्हता, म्हणून काकांनीच तिकडे जायचं ठरलं. पासपोर्टचा अर्ज त्यांनी स्वतः भरला. खिडकीवरच्या माणसाने एकही दुरुस्ती सांगितली नाही, हे त्यांनी मला कळवलं. आत्याला मुलाने फोन करून खरं काय ते सांगितलं. तिला ते पूर्ण पटलं नाही, असं सुनेकडून कळलं. आठ महिन्यांत जे बोललं गेलं होतं ते एका फोनने पुसलं जाणार नव्हतं.

गुन्हेवार्तेच्या सहकाऱ्याकडून ती बातमी मी पुन्हा लिहून घेतली. घरच्यांना सांगा, हे वाक्य पहिल्या परिच्छेदात घ्यायला लावलं. त्याला ते विचित्र वाटलं, पण त्याने घेतलं. ती पूर्ण छापून आली. त्या महिन्याच्या गठ्ठ्यात तिच्यावर खूण नव्हती, बरोबरची किंवा चुकीची.

पासपोर्ट येण्याआधीच काका गेले. सकाळी वंदनेला बसले असताना. शेजाऱ्यांनी मला कळवलं, मी मुलाला कळवलं. ती दोघं तिसऱ्या दिवशी पोहोचली. त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सून माझ्या शेजारी बसली होती. तिने लॅपटॉपची चादर सोडून तो मांडीवर घेतला होता आणि झाकण उघडलं नव्हतं. आत्या समोरच्या रांगेत होती.

निधनाची बातमी मी ते गेले त्याच दिवशी लिहिली होती. बारा ओळी. नाव, वय, आमच्याकडची नोकरी, छापखान्यातून वर येणं, कामाची पद्धत. शेवटची ओळ अशा बातमीत ठरलेली असते: त्यांच्या पश्चात मुलगा, सून असा परिवार आहे. चारच्या सुमारास जाहिरात विभागाचा फोन आला. तीन ओळी कमी करायला हव्या होत्या.

आमच्याकडच्या नोकरीचा तपशील तीन ओळींचा होता. तो काढला. मधून.